खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेश (महाराष्ट्र)

खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेश ही बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (प्रचलित नावे: शिक्षण हक्क कायदा, आरटीई) या भारतीय कायद्यातील तरतूद आहे. कायद्याच्या कलम १२(१)(सी) नुसार विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित गटातील व दुर्बल घटकांतील बालकांना द्यावयाच्या असतात. या बालकांना इयत्ता आठवीपर्यंत मोफत शिक्षण द्यावे लागते आणि त्यापोटी राज्य शासन शाळेला ठरावीक दराने शुल्काची प्रतिपूर्ती करते.

महाराष्ट्रात ही प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन अर्ज व सोडत या पद्धतीने राबवली जाते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत दुरुस्ती करून शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना या बंधनातून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द ठरवली. गरीब मुलाला शाळा उपलब्ध करून देणे एवढाच या तरतुदीचा हेतू आहे, की निरनिराळ्या आर्थिक स्तरांतील मुलांना एका वर्गात आणणे हाही आहे, हा मूलभूत प्रश्न या वादाच्या निमित्ताने पुढे आला.

## शाळांचे प्रकार

महाराष्ट्रात 'खाजगी शाळा' ही संज्ञा एकाच प्रकारच्या शाळेला लागू होत नाही. ती पुढील अर्थांनी वापरली जाते.

* अनुदानित शाळा: संस्थाचालक खाजगी असतात, परंतु शिक्षकांचे वेतन शासन देते. राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग अशा शाळांनी सांभाळला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी इ.स. १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय.
* विनाअनुदानित शाळा: शासनाची मान्यता असते, पण वेतन अनुदान नसते. काही शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर मान्यता देण्यात आली होती. पुढे इ.स. २००९ मध्ये शासनाने 'कायम' हा शब्द वगळण्याचा निर्णय घेतला आणि अशा शाळांचा अनुदानाचा प्रश्न दीर्घकाळ गाजत राहिला.
* स्वयंअर्थसहाय्यित शाळा: महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ अन्वये स्थापन झालेल्या शाळा. या अनुदान मागू शकत नाहीत. त्यांचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो.

२५ टक्के राखीव प्रवेशाचे बंधन यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या शाळांना लागू आहे. अनुदानित शाळांसाठी कायद्यात वेगळी तरतूद असून त्यांनी मिळालेल्या अनुदानाच्या प्रमाणात, मात्र किमान २५ टक्के बालकांना, मोफत शिक्षण द्यावयाचे असते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लाभ कोणत्या वर्गाला मिळतो, हा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी इ.स. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीयांना मिळतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. प्राथमिक शिक्षण वयाच्या किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी इ.स. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि इ.स. १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इ.स. १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी इ.स. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये, घटना अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालण्यात आले. ही मुदत इ.स. १९६० मध्ये उलटून गेली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) 'समान शाळा पद्धती' व 'परिसर शाळा' या संकल्पना मांडल्या. परिसरातील सर्व मुलांनी, त्यांची जात, धर्म वा आर्थिक स्थिती कोणतीही असो, एकाच शाळेत शिकावे, असा त्यामागील विचार होता. श्रीमंत पालक आपली मुले वेगळ्या शाळांत घालतात, तेव्हा सार्वजनिक शाळांच्या दर्जाविषयी आग्रह धरणारा प्रभावी वर्गच त्या शाळांपासून तुटतो, याकडे आयोगाने लक्ष वेधले होते. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य सचिव होते. समान शाळा पद्धतीची ही शिफारस प्रत्यक्षात आली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मूलभूत असल्याचे म्हटले. त्यानंतर इ.स. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१अ घटनेत समाविष्ट झाला आणि ६ ते १४ वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. या हक्काच्या अंमलबजावणीसाठी केलेला अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

## कायदेशीर तरतूद

कलम १२(१)(सी) मधील प्रमुख बाबी पुढीलप्रमाणे आहेत.

* इयत्ता पहिलीच्या एकूण विद्यार्थिसंख्येच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित गटातील व दुर्बल घटकांतील बालकांना द्याव्यात. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास ही तरतूद त्या वर्गाच्या प्रवेशास लागू होते.
* अशा बालकांचे प्राथमिक शिक्षण, म्हणजे इयत्ता आठवीपर्यंतचे शिक्षण, पूर्ण होईपर्यंत मोफत असावे.
* राज्य शासन एका बालकावर करीत असलेला खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेला द्यावी.
* शाळेने शासनाकडून जमीन, इमारत वा अन्य सुविधा मोफत किंवा सवलतीने घेतली असेल आणि त्या बदल्यात काही बालकांना मोफत शिकवण्याचे बंधन तिच्यावर आधीपासून असेल, तर तेवढ्या मर्यादेत तिला प्रतिपूर्ती मिळत नाही.

कलम १३ अन्वये प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि बालकाची वा पालकांची चाचणी किंवा मुलाखत घेण्यास मनाई आहे. ही मनाई राखीव जागांपुरती नसून सर्व प्रवेशांना लागू आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत, तर चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत व नंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

केंद्र शासनाच्या आदर्श नियमांनुसार राखीव जागांवरील मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी शिकवता येत नाही. पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य, गणवेश, ग्रंथालय व खेळ या बाबतींतही त्यांच्यात व इतर मुलांत भेदभाव करता येत नाही. तरतुदीचा हेतू केवळ जागा मिळवून देण्याचा नसून एकत्र शिक्षणाचा आहे, असे मानणारे अभ्यासक या नियमाकडे बोट दाखवतात.

## घटनात्मक वैधता

खाजगी शाळांच्या संघटनांनी या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. शासनाचे एक पैचेही अनुदान न घेणाऱ्या संस्थेवर शासनाची जबाबदारी लादता येणार नाही आणि त्यामुळे अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला बाधा येते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१२ एप्रिल २०१२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तरतूद वैध ठरवली. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया व न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या मते हे बंधन व्यवसायस्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंध होते. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांनी भिन्नमत नोंदवले. विनाअनुदानित शाळांवर अशी सक्ती करता येत नाही, त्यांनी स्वेच्छेने ती स्वीकारावी, असे त्यांचे मत होते. बहुमताच्या निकालाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र बंधनातून वगळले.

६ मे २०१४ रोजी प्रमती एज्युकेशनल अँड कल्चरल ट्रस्ट खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने घटनेतील अनुच्छेद १५(५) व २१अ वैध ठरवले. त्याच निकालात, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, सर्व अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असे सांगण्यात आले. या सवलतीमुळे काही संस्था बंधन टाळण्यासाठी अल्पसंख्याक दर्जा मिळवतात, अशी टीका होत आली आहे. महाराष्ट्रातील शिक्षक पात्रता परीक्षेशी संबंधित खटल्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निकालातील या भागाविषयी शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले.

## महाराष्ट्रातील कार्यपद्धती

### पात्रता

महाराष्ट्रात दोन प्रकारची बालके पात्र ठरतात. *वंचित गटात* अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्ग यांतील बालके, तसेच दिव्यांग, अनाथ आणि एचआयव्ही बाधित वा प्रभावित बालके येतात. *दुर्बल घटकात* वार्षिक कौटुंबिक उत्पन्न एक लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील बालके येतात.

उत्पन्नाची अट फक्त दुसऱ्या प्रकाराला आहे. मागास प्रवर्गातील सुस्थित कुटुंब व मोलमजुरी करणारे कुटुंब यांच्या मुलांची नावे त्यामुळे एकाच सोडतीत पडतात. वंचित गटालाही उत्पन्नमर्यादा असावी की नसावी, यावर मतभेद आहेत. जातीमुळे येणारे वंचितपण केवळ उत्पन्नाने मोजता येत नाही, असे एक मत आहे. तर जागा थोड्या असताना त्या सर्वांत गरजू मुलांना आधी मिळाव्यात, असे दुसरे.

### अर्ज व सोडत

पालक शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरतात. नकाशावर घराचे स्थान दाखवावे लागते व त्यावरून शाळेचे अंतर मोजले जाते. एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य असते, त्यानंतर एक ते तीन किलोमीटर अंतरावरील मुलांचा विचार होतो. एका अर्जात जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. अर्ज जागांपेक्षा अधिक असल्यास सोडत काढली जाते. निवड झालेल्या बालकांच्या कागदपत्रांची छाननी पडताळणी समिती करते आणि रिकाम्या राहिलेल्या जागांवर प्रतीक्षायादीतील बालकांना क्रमाने बोलावले जाते.

जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला ही प्रमुख कागदपत्रे होत. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. झोपडपट्टीत किंवा चाळीत तोंडी बोलीवर खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबांना घरमालकाकडून असा करार करून मिळणे अवघड जाते. दूरवरून कामासाठी शहरात आलेल्यांना मूळ गावाहून दाखले आणावे लागतात. ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी अनेक पालकांना सेवा केंद्रांवर किंवा स्वयंसेवी कार्यकर्त्यांवर अवलंबून राहावे लागते.

जागांच्या मानाने मागणी मोठी असते. शैक्षणिक वर्ष २०२३–२४ मध्ये राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्याच वेळी काही शाळांतील राखीव जागा दरवर्षी रिकाम्याही राहतात. नावाजलेल्या शाळांना शेकडो अर्ज येतात, तर अल्प शुल्काच्या किंवा गैरसोयीच्या ठिकाणच्या शाळांकडे पालक वळत नाहीत, हे त्याचे एक कारण आहे.

## शुल्क प्रतिपूर्ती

महाराष्ट्रात प्रतिपूर्तीचा कमाल दर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये असा राहिला आहे. कोरोना साथीच्या काळात शाळा बंद असल्याचे कारण देऊन तो ८,००० रुपयांपर्यंत कमी करण्यात आला होता.

प्रतिपूर्तीच्या सूत्राचा परिणाम सर्व शाळांवर सारखा होत नाही. वर्षाला १२ हजार रुपये शुल्क घेणाऱ्या शाळेला नियमानुसार पूर्ण १२ हजार रुपये मिळतात, म्हणजे तिचे नुकसान होत नाही. एक लाख रुपये शुल्क घेणाऱ्या शाळेला मात्र १७,६७० रुपयेच मिळतात. उरलेले सुमारे ८२ हजार रुपये तिला स्वतः सोसावे लागतात किंवा इतर पालकांच्या शुल्कात मिळवावे लागतात. याउलट प्रतिपूर्तीस विलंब झाला, तर त्याची अधिक झळ अल्प शुल्काच्या शाळांना बसते. त्यांच्याकडे गंगाजळी नसते आणि शिक्षकांचे पगार महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. महाराष्ट्रातील शाळांच्या संघटनांनी थकबाकीच्या प्रश्नावर वेळोवेळी आंदोलने केली, न्यायालयात दाद मागितली आणि प्रवेशप्रक्रियेवर बहिष्काराचे इशारेही दिले. शासन व शाळा यांच्यातील या तंट्यात प्रवेश लांबल्यास मुलांच्या शाळेचे पहिले काही आठवडे वाया जातात.

## २०२४ ची नियमदुरुस्ती

### दुरुस्ती

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, ज्या विनाअनुदानित खाजगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची वा अनुदानित शाळा आहे, ती २५ टक्के प्रवेशासाठी निवडली जाणार नाही, अशी तरतूद करण्यात आली. शहरांत व मोठ्या गावांत असे अंतर क्वचितच सापडत असल्याने बहुसंख्य खाजगी शाळा या बंधनातून आपोआप सुटल्या. पालकांना अर्ज करताना मुख्यतः जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका व अनुदानित शाळांचेच पर्याय दिसू लागले. या शाळांत प्रवेश सर्वांना खुला असतोच. त्यासाठी सोडत कशाला, असा प्रश्न पालक संघटनांनी उपस्थित केला. अर्जांची संख्याही आधीच्या वर्षांच्या मानाने बरीच घटली.

परिसरात शासनाची शाळा असताना त्याच मुलासाठी खाजगी शाळेला पैसे देणे म्हणजे दुहेरी खर्च होय, आणि त्यामुळे शासकीय शाळांचा पट घटतो, अशी भूमिका शासनाच्या बाजूने मांडली गेली. राज्यात शिक्षकांची पदे पटसंख्येवर आधारित संचमान्यतेने ठरतात. त्यामुळे पट घसरला की शिक्षकाचे पद जाते, आणि शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही दुसरी शाळा शोधू लागतात. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचा प्रश्न राज्यात आधीपासूनच चर्चेत होता. खाजगी शाळांच्या संघटनांनी दुरुस्तीचे समर्थन केले.

### न्यायालयीन निकाल

दुरुस्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका व अन्य याचिका दाखल झाल्या. ६ मे २०२४ रोजी न्यायालयाने दुरुस्तीला अंतरिम स्थगिती दिली. त्यानंतर जुन्या नियमांप्रमाणे नव्याने अर्ज मागवण्यात आले.

१९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय व न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने दुरुस्ती रद्द केली. कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांवर टाकलेले बंधन परिसरात शासकीय शाळा नसण्यावर अवलंबून ठेवलेले नाही. नियम हे कायद्याच्या अंमलबजावणीसाठी असतात. नियम करून कायद्यातील हक्क काढून घेता येत नाही. या कारणांवरून दुरुस्ती मूळ अधिनियमाशी आणि घटनेच्या अनुच्छेद १४, २१ व २१अ शी विसंगत ठरली. फेब्रुवारी ते मे या काळात काही शाळांनी या जागा इतर विद्यार्थ्यांना दिल्या होत्या. ते प्रवेश कायम ठेवून, २५ टक्क्यांचा कोटाही भरला जाईल अशा रीतीने आवश्यक तेथे जागा वाढवाव्यात, असा मार्ग न्यायालयाने दाखवला.

या निकालाविरुद्ध शाळांच्या बाजूने करण्यात आलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, दुर्बल घटकांतील मुलांसोबत शिकल्याने संपन्न घरांतील मुलांनाही आपला देश खऱ्या अर्थाने कळेल, अशा आशयाची टिप्पणी सुनावणीत केली.

### कर्नाटकातील उदाहरण

कर्नाटक राज्याने याच प्रकारची नियमदुरुस्ती महाराष्ट्राच्या आधी केली होती. तेथे परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा नसेल, तरच खाजगी शाळेत राखीव प्रवेश द्यावा, असे ठरवण्यात आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर त्या राज्यातील राखीव जागांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. अशा प्रकारे जवळजवळ सारख्याच तरतुदीवर दोन शेजारी राज्यांच्या उच्च न्यायालयांनी परस्परविरुद्ध निकाल दिले.

## परिणामांचे अभ्यास

या तरतुदीविषयी व तिच्याशी निगडित प्रश्नांविषयी भारतात काही महत्त्वाचे अभ्यास झाले आहेत.

सहअध्ययनाचा परिणाम. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतील उच्चभ्रू खाजगी शाळांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार व मदतीस तत्पर असतात आणि गरीब मुलांविषयी कमी भेदभाव करतात, असे त्यात आढळले. अभ्यासातील गुणांवर एकूण फारसा विपरीत परिणाम दिसला नाही. फक्त इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली.

खाजगी शाळेचा शैक्षणिक लाभ. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील ग्रामीण भागात केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडतीने शिष्यवृत्ती मिळून खाजगी शाळेत गेलेल्या मुलांची तेलुगू व गणितातील प्रगती, शासकीय शाळेत राहिलेल्या मुलांच्या प्रगतीएवढीच होती. हिंदीत मात्र ती पुढे होती, कारण खाजगी शाळांत हा अधिकचा विषय शिकवला जात होता. दर विद्यार्थ्यामागील खर्च खाजगी शाळांत बराच कमी होता. हा प्रयोग अल्प शुल्काच्या ग्रामीण शाळांपुरता असल्याने त्याचे निष्कर्ष महागड्या शहरी शाळांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

लाभ कोणाला मिळतो. मॉरिसिओ रोमेरो व अभिजीत सिंग यांनी छत्तीसगडमधील राखीव प्रवेशांचा अभ्यास केला. सोडतीत नाव न आलेल्या मुलांपैकी बहुतेक मुले पुढे शुल्क भरून खाजगी शाळेतच गेली, असे त्यांना आढळले. याचा अर्थ अर्ज करणारी कुटुंबे पात्र गटातील तुलनेने सुस्थित होती. सर्वांत गरीब कुटुंबे अर्जापर्यंतच पोहोचत नव्हती.

या अभ्यासांतून दोन गोष्टी निघतात. खाजगी शाळेत गेल्याने मुलाची शैक्षणिक प्रगती हमखास वाढते, असे म्हणता येत नाही. एकत्र शिकण्याचा सामाजिक लाभ मात्र दिसून येतो, आणि तो श्रीमंत मुलांनाही होतो. शासकीय शाळा जवळ असेल तर राखीव जागेची गरज उरत नाही, या २०२४ च्या दुरुस्तीमागील युक्तिवादात हा दुसरा लाभ हिशेबात धरलेला नव्हता.

## मर्यादा व मतभेद

आठवीनंतरचा प्रश्न. मोफत शिक्षणाचा हक्क इयत्ता आठवीअखेर संपतो. शैक्षणिक वर्ष २०१२–१३ मध्ये पहिलीत प्रवेश मिळालेली मुले २०२० मध्ये आठवी उत्तीर्ण झाली व नववीपासून त्यांच्यापुढे पूर्ण शुल्काचा प्रश्न उभा राहिला. ज्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादाच वर्षाला एक लाख रुपये आहे, त्याला तेवढ्याच शुल्काच्या शाळेत मुलाला पुढे ठेवणे शक्य नसते. शाळा बदलावी, तर दहावीच्या उंबरठ्यावर माध्यम व अभ्यासमंडळही बदलण्याची वेळ येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये ३ ते १८ वर्षे वयापर्यंतच्या शिक्षणाचा विचार मांडला आहे. परंतु अधिनियमातील वयोमर्यादा अद्याप ६ ते १४ अशीच आहे.

इतर खर्च व घरचा आधार. शुल्क माफ झाले तरी शाळेची बस, सहली, स्नेहसंमेलने व प्रकल्प यांचा खर्च पालकांवर पडतो. इंग्रजी माध्यमात प्रवेश मिळालेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला घरून अभ्यासात मदत मिळणे कठीण असते आणि शिकवणीचा खर्च वाढतो.

स्थलांतर. राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच भरली जाते. ऊसतोडणी, वीटभट्टी वा बांधकाम यांसाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांना दुसऱ्या गावी गेल्यावर ती पुन्हा मिळवता येत नाही. स्थिर पत्ता नसल्याने त्यांना मुळात अर्ज करणेही जड जाते.

तत्त्वासंबंधी आक्षेप. शिक्षणतज्ज्ञ अनिल सदगोपाल यांच्यासह समान शाळा पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी या तरतुदीवर मूलगामी टीका केली आहे. त्यांच्या मते या कायद्याने शाळांची उतरंड मोडण्याऐवजी तिला मान्यता दिली. थोड्या मुलांना वरच्या पायरीवर घेतल्याने उरलेल्यांच्या शाळा सुधारत नाहीत, आणि सार्वजनिक निधी खाजगी शाळांकडे वळतो. दुसऱ्या टोकाला, खाजगी शाळांच्या संघटनांचा आक्षेप हा की शासनाने स्वतःचे कर्तव्य त्यांच्यावर ढकलले आणि त्याचे पैसेही वेळेवर दिले नाहीत.

तरतुदीचे समर्थक या दोन्ही आक्षेपांना उत्तर देताना, शासकीय शाळा सुधारणे व खाजगी शाळा सर्वांना खुल्या करणे ही परस्परविरोधी कामे नाहीत, असे सांगतात. कायद्याने शासकीय शाळांसाठीही शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे यांचे किमान निकष घालून दिले आहेत, आणि ते पाळण्याची जबाबदारी राखीव प्रवेशांमुळे संपत नाही. राज्यातील शाळकरी मुलांच्या एकूण संख्येत या सुमारे एक लाख वार्षिक जागांचा वाटा लहान आहे. सोडतीत नाव न आलेली, तसेच अर्जच न केलेली बहुसंख्य गरीब मुले आजही जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका व अनुदानित शाळांवर अवलंबून आहेत.